सीपीई म्हणजे अज्ञानावर घातलेलं पांघरूण?

विश्रामबागकर
परवा तोंडी परीक्षेत पुन्हा तेच. इम्पिडन्सचा (म्हणजे एसी करंटला होणाऱ्या अडथळ्याचा) आलेख, त्यात दबलेली कमान, तिला रेझिस्टर आणि सीपीईचं सर्किट बसवलेलं. सीपीई म्हणजे कॉन्स्टंट फेज एलिमेंट, कपॅसिटरचाच जरा ढिला भाऊ. त्याचा घातांक म्हणजे अल्फा. तो १ असला की चोख कपॅसिटर, कमी झाला की कमान दबते. "अल्फा कमी का आला?" विचारलं की उत्तर ठरलेलं : "सर, इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग खडबडीत आहे." पृष्ठभाग पाहिलेला कुणीच नसतो.

म्हणून घरी एक उद्योग केला. पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि मोटारीचा १० चा. प्रत्येकाला पॅरलल १०० ओहमचा रेझिस्टर डाग देऊन लावला, दोन्ही जोड्या सिरीजमध्ये. शिथिलनकाळ म्हणजे रोध गुणिले धारिता : एकीचा ०.२५ मिलिसेकंद, दुसरीचा १. मोजलं तर कमान एकच, जरा चपटी, माथा ३२० हर्ट्झच्या आसपास. सीपीई झकास बसला! अल्फा ०.८६, काळ अर्धा मिलिसेकंद. आता त्या बोर्डावर अर्ध्या मिलिसेकंदाचं काहीही नाही, आणि खडबडीत तर त्याहून काही नाही.

तोच डेटा डीआरटीला दिला, म्हणजे सर्किट आधी न ठरवता शिथिलनकाळांचं वितरण काढलं. दोन शिखरं. माझं मत : डीआरटी काढल्याशिवाय सीपीई बसवायला बंदी हवी.

जुने मास्तर
असहमत. तुला दोन शिखरं दिसली कारण दोन आहेत हे तुला माहीत होतं. लॅम्डा किती ठेवलास आणि कशावरून ठरवलास, ते आधी सांग.

इतरांसाठी : एकट्या आर-सी (रेझिस्टर-कपॅसिटर) जोडीची वारंवारतेच्या आलेखावरची टेकडीसुद्धा अर्ध्या उंचीवर एका दशकाहून, म्हणजे दहापटीहून, रुंद असते. समान रोधाच्या दोन जोड्या असतील तर काळांमध्ये साधारण ५.८ पटींचा फरक असल्याशिवाय टेकडी दुभंगतच नाही. याच्याकडे फरक फक्त चौपट. मग अशा एकजीव टेकडीतून मूळ वितरण उलटं काढायचं म्हणजे मोजमापातली बारीकशी खरखरही फुगून वर येते. ती दाबायला टिखोनोव्हची पद्धत, आणि किती दाबायचं तो आकडा म्हणजे लॅम्डा. तो वाढवला की दोनाचं एक होतं, फार कमी केला की खरोखरच्या एका रुंद टेकडीची चार टोकं होतात. मग विद्यार्थी चौघांचं बारसं करतो : हे चार्ज ट्रान्सफर, हे फिल्म, हे डिफ्यूजन... पांघरूण काढलंस, खालून भुतं निघाली.

आणि कोल बंधूंचं दबलेल्या कमानीचं सूत्र १९४१ चं, फ्युओस आणि कर्कवुड यांचं वितरण काढायचं गणितही १९४१ चंच. डीआरटी काही कालची हुशारी नव्हे.

विश्रामबागकर
सर, खोटं बोलत नाही. लॅम्डा शंभरपट केल्यावर एकच टेकडी उरली. पण सीपीईत तर असा स्क्रूसुद्धा नाही. तिथे उत्तर चुकलं तरी आलेख सुंदरच दिसतो, आणि मला भीती त्याचीच वाटते.

मिरजेचा तंबोरा
मला यातलं गणित कळत नाही, पण जोडीच्या तारा किंचित जरी बेसूर असल्या तरी कानाला लगेच कळतं. यंत्राला दोन काळ वेगळे का कळू नयेत?

जुने मास्तर
कारण तार झंकारते. इथे झंकार नाही, नुसतं विरणं आहे. दोन कप चहा एकाच वेळी निवत ठेव, एक जाड कप, एक पातळ. दोघांची मिळून वाफ बघून कुठला किती वेगाने निवला ते सांग बरं.

गाळपवाला
आरं लगा, तुम्ही दोघं भांडा, पण मला एक सांगा : एकूण रोध किती आला?

विश्रामबागकर
२००. दोन्ही पद्धतींनी. डीआरटीत शिखरांखालचं क्षेत्रफळ तेवढंच भरतं.

गाळपवाला
मग झालं की. आम्ही गंज मोजतो. स्टर्न-गिअरीच्या सूत्रात तो रोध टाकला की गंजाचा करंट निघतो. कमान दबली काय, ताठ राहिली काय. माझं दुखणं निराळं आहे. १० मिलिहर्ट्झला एका आवर्तनाला १०० सेकंद जातात. तेवढ्यात रसात बुडवलेल्या पट्टीवर थर बसत असतो. वरचे बिंदू एका पट्टीचे, खालचे दुसरीचे!

जुने मास्तर
हा मुद्दा लाख मोलाचा. आधी क्रेमर्स-क्रोनिगची तपासणी. मोजताना नमुना बदलला असेल तर इम्पिडन्सचे खरा आणि काल्पनिक हे दोन भाग एकमेकांशी जुळत नाहीत. तिथे नापास झालेल्या डेटाला सीपीईही नको आणि डीआरटीही नको. विश्रामबागकर, तोंडी परीक्षेत हे विचारतोस का?

विश्रामबागकर
नाही विचारत. पुढच्या वेळी विचारीन. बंदीचं मात्र मागे घेत नाही.

जुने मास्तर
नको घेऊस. बोर्ड डब्यात बंद करून माझ्याकडे आण, फक्त दोन वायरी बाहेर. आत किती जोड्या आहेत ते सांगायचं नाही. तू डीआरटीवाल्या एखाद्या पोराला बसव, मी सीपीई घेऊन बसतो.

विश्रामबागकर
रविवारी येतो. या वेळी एक असेल नाहीतर तीन.

गाळपवाला
बेरीज २०० च ठेव रे, मीपण येतोय.