डेबियन १२ वर अपग्रेड केल्यानंतर रेड-१ वरून संगणक सुरू होत नाही: सल्ला हवा आहे

प्रश्न

नमस्कार. छपाईच्या कामाचा माझा संगणक २ टीबीच्या दोन डिस्कवर, एमडीॲडमने (लिनक्समध्ये डिस्कचे गट बांधणारे साधन) केलेल्या रेड-१ वर (दोन्ही डिस्कवर एकच माहिती ठेवणारी रचना) चालतो. काल डेबियन या लिनक्स प्रणालीचे ११ वरून १२ वर अपग्रेड केले. रीबूट केल्यावर ग्रबची (प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम) यादी दिसते, कर्नल (प्रणालीचा गाभा) सुरू होतो आणि '/डेव्ह/एमडी०' (माझ्या रेडचे नाव) सापडत नसल्याचे सांगून संगणक इनिटरॅमएफएसच्या (सुरू होताना वापरली जाणारी तात्पुरती छोटी प्रणाली) प्रॉम्प्टवर थांबतो. मार्चमध्ये मी संगणकाचे नाव बदलले होते आणि त्याच वेळी एमडीॲडमची कॉन्फिग फाइल नव्याने लिहिली होती; त्यानंतर कालपर्यंत एकही अपडेट केले नव्हते. अपग्रेड चालू असताना कॉन्फिगमध्ये एकही ॲरे (डिस्कचा गट) नमूद नसल्याची सूचना सरकून गेली, तिच्याकडे मी लक्ष दिले नाही. शेवटचा बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा आहे, म्हणून डिस्कना हात लावण्याआधी विचारतो आहे.

प्रतिसाद १

आधी विचारलेत हे फार चांगले केलेत. कोणी सुचवले तरी एमडीॲडमची 'क्रिएट' आज्ञा मुळीच देऊ नका. ती जुन्या ॲरेच्या नोंदींवर नव्या नोंदी लिहिते आणि जो डेटा आज शाबूत आहे तोच धोक्यात येतो. त्या प्रॉम्प्टवर फक्त 'कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट' द्या आणि काय दिसते ते इथे लिहा.

प्रश्नकर्ता

ॲरे एमडी१२७ या नावाने दिसतो आहे, आणि पुढे दोन भागिले दोन व दोन 'यू' आहेत.

प्रतिसाद १

मग दोन्ही डिस्क ठणठणीत आहेत. हरवले आहे ते फक्त नाव. ॲरेच्या नोंदीत संगणकाचे जुने नाव आहे आणि कॉन्फिगमध्ये त्याची ओळ नाही, त्यामुळे एमडीॲडम त्याला परका समजून १२७ पासून क्रमांक देतो, आणि ग्रबने सांगितल्याप्रमाणे इनिटरॅमएफएस मात्र एमडी० शोधत बसतो. चूक मार्चमधली आहे. अपग्रेडमध्ये इनिटरॅमएफएस नव्याने बांधला गेला तेव्हा ती उघडी पडली.

एमडी१२७ 'स्टॉप' करा, 'असेंबल' आज्ञेत एमडी० आणि दोन्ही पार्टिशनची नावे द्या, मग 'एक्झिट' करा. संगणक पुढे सुरू होईल. सुरू झाल्यावर 'एमडीॲडम --डिटेल --स्कॅन' जी ओळ देईल ती कॉन्फिग फाइलमध्ये जोडा आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' चालवा. ही शेवटची पायरी गाळलीत तर पुढच्या रीबूटला पुन्हा इथेच याल, कारण सुरू होताना वाचली जाते ती इनिटरॅमएफएसमधली प्रत. एफएसटॅब (कोणती डिस्क कुठे जोडायची याची फाइल) आणि ग्रब या दोन्हींमध्ये /डेव्ह/एमडी० ऐवजी यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहिलात, तर क्रमांक बदलला तरी अडणार नाही.

प्रतिसाद २

वरचे सगळे बरोबर आहे, एक भर घालतो. बायोसवर (मदरबोर्डमधला सुरुवातीचा प्रोग्राम) चालणाऱ्या संगणकात ग्रब दोन्ही डिस्कवर बसवावे लागते, कारण एमबीआर (डिस्कचा अगदी पहिला भाग) ॲरेच्या बाहेर असते आणि त्याची नक्कल आपोआप होत नाही. माझ्याकडे ते एकाच डिस्कवर नवे झाले होते. बायोसने दुसरी डिस्क आधी घेतली, तिच्यातल्या जुन्या ग्रबचे नव्या मॉड्यूलशी जुळले नाही आणि संगणक 'ग्रब रेस्क्यू'वर अडकला. मी दिवसभर कर्नल तपासत होतो, पण तिथपर्यंत गाडी पोहोचलीच नव्हती.

प्रश्नकर्ता

संगणक सुरू झाला, आणि सर्वांत आधी मी बॅकअप घेतला. नंतर सांगितल्याप्रमाणे सर्व केले, दोन्ही डिस्कवर ग्रब बसवले, आणि संगणक बंद करून पहिल्या डिस्कची केबल काढून पाहिली. एकट्या दुसऱ्या डिस्कवरही तो व्यवस्थित आला. केबल परत जोडून पहिली डिस्क ॲरेत घेतली. बिटमॅप (कोणते भाग बदलले याची नोंद) असल्यामुळे जुळवणी काही मिनिटांत संपली. दोघांचेही मनापासून आभार.