शब्दचर्चा : ‘सेल्फ-अ‍ॅडव्होकसी’ मराठीत कशी मांडावी?

प्रश्न : अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या लेखनात ‘अ‍ॅडव्होकसी’ (कोणाच्या हक्कांसाठी त्याची बाजू घेणे) आणि ‘सेल्फ-अ‍ॅडव्होकसी’ (तेच काम त्या व्यक्तीने स्वतः करणे) हे शब्द जोडीने येतात. त्यांसाठी अनुक्रमे ‘वकिली’ आणि ‘स्ववकिली’ योजावे का?

मत : ‘वकिली’ पहिल्या अर्थाला बऱ्यापैकी पुरते, दुसऱ्यापाशी मात्र अडते. वकील म्हणजे मुळात दुसऱ्याच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेला माणूस, मग तो न्यायालयातला असो वा जुन्या दरबारातला. ‘त्याचे वकीलपत्र तुला कोणी दिले?’ असे आपण चिडून विचारतो, तेव्हा हाच अर्थ गृहीत असतो. अपंगांच्या चळवळीचा रोखही अशा न दिलेल्या वकीलपत्रांवरच होता. आईवडील, डॉक्टर, शिक्षक, संस्थाचालक सद्हेतूने बोलत असत, पण ज्याच्याविषयी बोलणे चाले त्याला फारसे कोणी विचारत नसे. ‘कैवार’ या शब्दात तर दुबळ्याची बाजू घेण्याचा भाव इतका मुरलेला आहे की ‘स्वतःचा कैवार’ म्हटले की वाक्य अवघडते. (‘वाक्य लंगडे पडते’ हा वाक्प्रचार निदान या विषयात टाळलेला बरा.)

स्वीडनमध्ये १९६०च्या दशकात बौद्धिक अपंगत्व असलेले प्रौढ आपल्या मंडळांचे कामकाज स्वतः पाहू लागले आणि १९७४ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात अशाच व्यक्तींनी ‘पीपल फर्स्ट’ या नावाने संमेलन भरवले. दोन्ही ठिकाणी त्यांच्या वतीने दुसरे कोणी नव्हे, ते स्वतःच पुढे आले. म्हणून ‘सेल्फ-अ‍ॅडव्होकसी’साठी ‘स्वतःची बाजू स्वतः मांडणे’ हा सरळ क्रियापदी प्रयोग मला सर्वांत योग्य वाटतो.

शंका : मग ‘स्वतःसाठी बोलणे’ अधिक सुटसुटीत नाही का?

मत : सुटसुटीत आहे, पण जी व्यक्ती बोलत नाही तिला तो प्रयोग वगळतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात ‘संवादा’च्या व्याख्येत ब्रेल, स्पर्श, मोठी अक्षरे आणि सोपी भाषा यांचाही समावेश आहे. ‘पीपल फर्स्ट’सारख्या गटांच्या काही बैठकांत प्रत्येकाजवळ रंगीत कार्डे असतात. चर्चा जड शब्दांत शिरली की कोणीही लाल कार्ड वर करतो आणि वक्त्याला थांबून तोच मुद्दा सोप्या शब्दांत पुन्हा सांगावा लागतो. कार्ड वर करणाऱ्याने एक शब्दही उच्चारलेला नसतो, तरी त्याने आपली बाजू मांडलेली असते. ‘मांडणे’ या क्रियापदात हे सारे सामावते.

पुरवणी : ‘मुखत्यारी’चाही विचार व्हावा. ‘तो स्वतःचा मुखत्यार आहे’ म्हणजे त्याचे निर्णय त्याच्याच हाती आहेत. त्याच कराराच्या कलम १२ मध्ये अपंग व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीने मान्य केली असून, तिचा वापर करताना लागणारे साहाय्य पुरवण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली आहे. हा आशय ‘मुखत्यारी’त नेमका उतरतो. मात्र आज हा शब्द ऐकताच मुखत्यारपत्र, म्हणजे दुसऱ्याला दिलेला अधिकार, आठवतो, त्यामुळे घोटाळा होईल.

मत : पटले. निर्णयाचा मुद्दा असेल तेथे ‘स्वनिर्णय’ लिहावे. ‘अ‍ॅडव्होकसी’साठी ‘हक्कांचा पाठपुरावा’ चालेल, आणि सोबत येऊन समजावून सांगणाऱ्या माणसाला ‘प्रतिनिधी’ न म्हणता ‘साहाय्यक’ म्हणावे, कारण तो त्या व्यक्तीच्या जागी बोलायला आलेला नसतो.