ऑप्टोमेट्रीची प्रॅक्टिस वाढत नाहीये, बोलण्यात कुठे चुकतंय? सल्ला हवा

लेन्सोमीटर:
नमस्कार. मी ऑप्टोमेट्रिस्ट (बी. ऑप्टोम.) आहे, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढते. चार वर्षं मिरजेत एका नेत्ररुग्णालयात काम केलं आणि दीड वर्षापूर्वी तासगावात स्वतःचं क्लिनिक टाकलं. मागे तपासणीची खोली, पुढे फ्रेमचं काउंटर. रेटिनोस्कोपी करते (डोळ्यात प्रकाश टाकून नंबरचा अंदाज घेते), ट्रायल फ्रेम (काचा बदलून बघायची चाचणीची फ्रेम) घालून माणसाला चालायला लावते, प्रत्येकाला पंचवीस मिनिटं देते. तरी बरेच जण नंबरचा कागद घेतात आणि "विचार करून सांगतो" म्हणून जातात. आजूबाजूला "कॉम्प्युटरवर मोफत डोळे तपासणी"चे बोर्ड आहेत, त्यामुळे १५० रुपये फी सांगताना जीभ अडखळते. निम्म्या वेळा मीच "राहू द्या" म्हणते. प्रोग्रेसिव्ह काचांची (एकाच काचेतून लांबचं आणि जवळचं दिसणाऱ्या) किंमत ऐकून कुणी "एवढे?" म्हणालं की लगेच स्वस्त काचा दाखवते. सवलत ठेवू का? जाहिरात करू? या धंद्यातल्यांनी आणि चष्मा वापरणाऱ्यांनीही सांगा.

चाळिशी_पार:
गिऱ्हाईक म्हणून सांगतो. "हे बरं की ते बरं?" विचारलं की मला घाम फुटायचा. चुकीचं बोललो तर चुकीचा नंबर लागेल ही भीती. एका मॅडमनी आधीच सांगितलं, "दोन्ही सारखं दिसलं तर सारखं म्हणा, मला तेही उत्तर हवंच असतं." तेव्हापासून आमचं अख्खं घर त्यांच्याकडेच जातं. त्यांच्याकडे सवलत असते का, मला आजही माहीत नाही.

जुना_रेटिनोस्कोप:
ताई, २७ वर्षं साताऱ्यात हेच काम करतोय. सवलतीच्या वाटेला जाऊ नका.

आधी फी. तुम्ही "राहू द्या" म्हणता तेव्हा समोरच्याला वाटतं, तपासणी म्हणजे चष्मा विकण्याआधीचा सोपस्कार. दारातच लिहा: तपासणी फी १५० रुपये, चष्मा इथे घ्या किंवा कुठेही. बोर्डावर असलं की तोंडाने सांगायचा संकोच राहत नाही.

"विचार करून सांगतो" याचा अर्थ बहुतेक वेळा "मला कळलं नाही" असा असतो. तुम्ही पंचवीस मिनिटं तपासता, पण त्यातलं मोठ्याने किती बोलता? पहिला प्रश्न "दिवसभर काय काम करता?" हा ठेवा. तुमच्याकडे बेदाणे निवडणाऱ्या बायका येत असतील. वाचनाचा नंबर आपण सवयीने ४० सेंटिमीटरवर काढतो, तिथे डोळ्याला अडीच डायॉप्टर (काचेच्या ताकदीचं माप) लागतात. तिचा माल ६० सेंटिमीटरवर असेल तर जेमतेम पावणेदोन पुरतात. अडीच धरून काढलेल्या चष्म्यातून कागद स्वच्छ दिसेल, बेदाणा धूसर. ती चष्मा पेटीत टाकेल आणि शेजारणीला सांगेल, तिथे जाऊ नको. टेपने अंतर मोजा. पुढच्या वेळी रुमालात मूठभर बेदाणे आणायला सांगा आणि ट्रायल फ्रेममधून तेच दाखवा. तिचं तिलाच दिसलं की पटवून द्यायची गरज उरत नाही.

प्रोग्रेसिव्हचं तसंच. किमतीआधी सांगा: कडेला थोडं लाटेसारखं दिसेल, बाजूला बघताना मान वळवा, जिना उतरताना हनुवटी खाली घ्या, सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतील. हेच तक्रार आल्यावर सांगितलं तर सबब वाटते. मग किंमत सांगा आणि गप्प बसा. "एवढे?" हा प्रश्न आहे, त्याला उत्तर द्या. स्वस्त काचांकडे वळता तेव्हा त्याच्या खिशाचा निर्णय तुम्हीच घेऊन टाकता.

आणि नको ते विकू नका. ब्लू-कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांबद्दल २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला. १७ चाचण्या तपासून, स्क्रीनसमोरचा डोळ्यांचा थकवा या काचांमुळे निदान थोड्या काळात तरी कमी होतो असं दिसत नाही, असं त्यात म्हटलंय. मी गिऱ्हाइकाला हे सांगतो. त्या दिवशी काही रुपये कमी मिळतात, पण तोच माणूस पुढे आईला घेऊन येतो.

पडदा_तपासनीस:
मी नेत्रतज्ज्ञ आहे. मधुमेही माणूस आला तर नंबर बदलो न बदलो, वर्षातून एकदा पडदा तपासायला पाठवा. काचबिंदू असलेल्यांच्या सख्ख्या भावंडांनाही. नुसतं तोंडी सांगू नका, चिठ्ठीवर डोळ्याचा दाब आणि तुम्हाला काय दिसलं ते लिहा. अशी चिठ्ठी आणणाऱ्याला मी चष्म्यासाठी परत त्याच ऑप्टोमेट्रिस्टकडे पाठवतो.

लेन्सोमीटर:
सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, बोर्ड आजच रंगवायला दिला. बेदाण्यांचं वाचून मात्र अंगावर काटा आला. मागच्या महिन्यात अशाच एक काकू चष्मा परत घेऊन आल्या होत्या आणि मी त्यांना "सवय होईल" म्हणाले. उद्या फोन करून बोलावते. आणखी एक, काउंटरवरचा मुलगा मी आत असताना "घ्या ना, ऑफर आहे" म्हणतो. त्याला काय सांगू?

जुना_रेटिनोस्कोप:
काकूंच्या काचा तुमच्या खर्चाने बदलून द्या. मुलाला काही सांगू नका, दोन दिवस तपासणीच्या खोलीत स्टूल टाकून बसवा, अर्थात येणाऱ्याची परवानगी घेऊन.