मदत हवी आहे: एकाच बाईंचे तीन एच-इंडेक्स, फॉर्मात कोणता लिहायचा?

सूरसागर
नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या एका प्राध्यापिकेची बढतीची फाइल तयार करायची आहे. विषय इम्युनॉलॉजी, मुख्यतः क्षयरोगातल्या टी-पेशी. एच-इंडेक्स (निदान तितक्या वेळा इतर लेखांत उल्लेख झालेले तितके पेपर) तीन ऑनलाइन लेखसूचींत वेगवेगळा: गूगल स्कॉलरवर ३१, वेब ऑफ सायन्सवर २०, स्कोपसवर १६. पीएचडीच्या वेळचे पेपर माहेरच्या आडनावाने आहेत, पुढचे सासरच्या. फॉर्मात रकाना एकच आहे आणि हातात ५ आठवडे. कोणता आकडा धरायचा?

पिपेट
आकडा सध्या बाजूला ठेवा, आधी यादी करा. स्कोपस वेब ऑफ सायन्सच्या इतका खाली असेल तर बहुतेक प्रोफाइल फुटलेलं असतं, म्हणजे एकाच व्यक्तीचे पेपर अनेक प्रोफाइलांत विखुरलेले. दोन आडनावांची दोन प्रोफाइलं तर असतीलच, तिसरंही शोधा. आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय. प्रकाशकाच्या फॉर्मात तसंच भरलं की वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आडनाव होऊन बसतं. पत्त्याचीही तीच गत. विद्यापीठाच्या नावात 'बरोडा', शहर 'वडोदरा', कुठे नुसतं 'एम एस युनिव्हर्सिटी'.

पबमेडमध्ये (वैद्यकीय लेखांची फुकट सूची) आडनाव आणि एकच आद्याक्षर टाकलंत तर पुढे आणखी अक्षरं असलेले सगळे येतात. दुहेरी अवतरणात टाकलं तर तेवढंच नाव येतं. २००२च्या आधीच्या नोंदींत पूर्ण नाव मिळत नाही, तिथे सहलेखक पाहूनच ओळखायचं. प्रत्येक पेपरचा डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) आणि पबमेड क्रमांक एक्सेलमध्ये घ्या. मग स्कोपसच्या 'ऑथर फीडबॅक विझार्ड'मध्ये सगळी प्रोफाइलं निवडून एक करा, परके पेपर काढा. दुरुस्ती लगेच दिसत नाही, म्हणून हे याच आठवड्यात. ऑर्किड (संशोधकाचा स्वतःचा कायम ओळख क्रमांक) नसेल तर बाईंनाच काढायला सांगा आणि 'इतर नावे'मध्ये दोन्ही आडनावं घालायला लावा.

कोरडा_बर्फ
स्कॉलरच्या ३१वर भिस्त नको. तिथे प्रबंध, परिषदेतले सारांश, प्रीप्रिंट (तपासणीआधी ऑनलाइन टाकलेले मसुदे) सगळंच मोजतात. प्रोफाइलमध्ये लेख आपोआप जोडायची सोय चालू असेल तर त्याच नावाच्या दुसऱ्या कुणाचा भाताच्या वाणांवरचा पेपरही येऊन बसतो. ती बंद करून 'आधी मला विचारा' निवडा.

बायोआर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या साइटवरचं प्रीप्रिंट आणि छापील पेपर वेगळे पडले असतील तर दोन्हींवर खूण करून 'मर्ज' करा. ही चूक दोन्हीकडून फसवते. दोन्ही नोंदींना ४०-४० सायटेशन (इतर लेखांतले उल्लेख) असतील तर एकच काम एच-इंडेक्समध्ये दोनदा मोजलं जातं. १४ आणि १६ असतील आणि एच २० असेल तर दोन्ही बाहेर राहतात, जोडल्यावर मात्र आत येऊ शकतात.

एच हातानेही पडताळता येतो. सायटेशनचा स्तंभ उतरत्या क्रमाने लावा, शेजारी अनुक्रमांक. २०व्या ओळीत २२ आणि २१व्या ओळीत १९ असेल तर एच २०.

सूरसागर
धन्यवाद! तिसरं प्रोफाइल खरंच सापडलं, ११ पेपर नवऱ्याच्या नावाखाली. आणखी एक: यादीत फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशी मोजण्या-ओळखण्याचं तंत्र) मार्गदर्शक सूचनांचा एक लेख आहे, शेकडो लेखकांचा. एकूण सायटेशनचा मोठा वाटा त्याचाच. ठेवू का?

पिपेट
युरोपियन जर्नल ऑफ इम्युनॉलॉजीतला ना? त्याच्या २०१७, २०१९ आणि २०२१ अशा तीन आवृत्त्या आहेत. लेखक आहेत तर ठेवायचाच, लपवायचं काय त्यात? पण एचमध्ये तो एकच पेपर मोजला जातो, फुगते ती एकूण बेरीज. म्हणून बेरीज दोनदा द्या, त्याच्यासह आणि त्याच्याविना. रिव्ह्यू लेखही वेगळे दाखवा, ते मूळ संशोधनापेक्षा जास्त उद्धृत होतात. मोठ्या गटाच्या पेपरांत मात्र नाव लेखकांत आहे की 'कोलॅबोरेटर' म्हणून, (गटातला सहभागी, पण लेखक नाही) हे पबमेडवर उघडून बघा. कोलॅबोरेटर असेल तर लेखकांच्या यादीत धरू नका.

थर्मास
थोडी भर. समितीत वनस्पतिशास्त्राचे आणि गणिताचे लोक बसले की नुसत्या सायटेशनवर तुलना होते, आणि ती चुकीची; इम्युनॉलॉजीत मुळातच सायटेशन जास्त. त्यासाठी एनआयएचचं (अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) 'आयसाइट' हे साधन फुकट आहे. पबमेड क्रमांकांची यादी चिकटवली की प्रत्येक पेपरचा 'रिलेटिव्ह सायटेशन रेशो' मिळतो, म्हणजे त्याच क्षेत्रातल्या पेपरांच्या तुलनेत किती सायटेशन. १.० म्हणजे एनआयएचच्या पैशातून झालेल्या पेपरांचा मध्यक. सरासरी देऊ नका, एखादा कोविडचा पेपर तिला ओढून नेतो; मध्यक द्या. अगदी ताज्या पेपरांचे आकडे तात्पुरते असतात. पबमेडमध्ये नसलेले पेपर तिथे येतच नाहीत, तेही नोंदवा.

आणि इम्युनॉलॉजीत प्रयोगशाळेचा प्रमुख शेवटी असतो. आपल्याकडचे काही फॉर्म पहिल्या लेखकालाच जास्त गुण देतात, तेव्हा 'पत्रव्यवहार लेखक' हा स्तंभ यादीत असू द्या.

रकान्यात असं लिहा: 'एच-इंडेक्स अमुक, स्कोपस, दोन्ही आडनावांची प्रोफाइलं एकत्र केल्यानंतर, स्वतःची सायटेशन वगळून, अमुक तारखेस'. स्वतःच स्वतःच्या पेपरांची केलेली सायटेशन वगळायची सोय स्कोपसच्या 'सायटेशन ओव्हरव्ह्यू'मध्ये आहे. त्या पानाचा त्याच दिवशीचा प्रिंट जोडा. आकडा रोज हलतो आणि समिती दोन महिन्यांनी उघडून बघते.

सूरसागर
विझार्ड आज भरला. प्रिंट तारखेसकट लावते.