कार्डाचे दोन टक्के गिऱ्हाइकाने भरावेत का?

देवगडवाला
मी स्वतःच्या वेबसाइटवरून हापूस विकतो. २४०० रुपयांची पेटी क्रेडिट कार्डावर गेली की पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे माझ्या खात्यात पोचवणारी कंपनी) २ टक्के आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी कापतो, म्हणजे ५६ रुपये ६४ पैसे. रिवॉर्ड पॉइंट मिळवणार कार्डवाला, भुर्दंड मला. या हंगामात चेकआउटला 'कार्ड शुल्क २.३६%' अशी ओळ टाकली, तर दोन जुनी गिऱ्हाइकं फणकारली. माझं काय चुकलं?

सदाशिव_पेठी
सगळंच. पुठ्ठा, पेंढा, पेट्रोल यांच्या वेगळ्या ओळी टाकता का? पैसे घेण्याचा खर्च हा धंद्याचाच खर्च. २४६० भाव लावा आणि गप्प बसा. पत्ता, पिनकोड, ओटीपी सगळं भरून झाल्यावर ५७ रुपये वाढलेले दिसले की मी ती साइट बंदच करतो, मग आंबा कितीही गोड असो.

काटेकोर
शिवाय गेटवे २४५६.६४ वर कापणार, म्हणजे ५७ रुपये ९८ पैसे. एवढं करून १ रुपया ३४ पैशांनी खड्ड्यातच. 😀

देवगडवाला
२४६० लावले तर यूपीआयवाल्याने कार्डवाल्याचे पॉइंट का भरायचे, ते सांगा. आणि शेजारचा २४०० च लिहिणार, गिऱ्हाईक तिकडे जाणार.

नियमावली
भावना बाजूला ठेवा. डेबिट कार्डाचा एमडीआर (बँका दुकानदाराकडून घेतात ती फी) ग्राहकावर ढकलू देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात बँकांना बजावलंय. रुपे डेबिट आणि यूपीआयवर तर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्यच आहे. तेव्हा तुमची ओळ डेबिट कार्डालाही लागत असेल तर आजच काढा. क्रेडिट कार्डाचं गेटवेच्या करारात बघा, जादा आकार लावू नका असं कलम तिथे असू शकतं. आणि शुल्क अगदी शेवटी उगवत असेल तर ते ड्रिप प्रायसिंग. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याची गणना डार्क पॅटर्नमध्ये (ग्राहकाला चकवणाऱ्या साइटवरच्या क्लृप्त्या) आहे.

मधला_बर्थ
वा! आणि रेल्वेच्या साइटवर एसीचं तिकीट यूपीआयने काढलं तर २० रुपये, कार्डाने काढलं तर ३०, वर जीएसटी. ते चालतं? सिनेमाच्या ऑनलाइन तिकिटावर सुविधा शुल्क घेऊ नका असे महाराष्ट्र सरकारचे २०१३-१४ चे आदेश होते, ते मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केले. मोठ्यांनी घेतलं तर सुविधा, बागायतदाराने घेतलं तर लूट!

सदाशिव_पेठी
थिएटरला खिडकी आहे, स्टेशनावरही आहे. नको असेल तर रांगेत उभं राहता येतं. यांच्या साइटला खिडकी कुठाय?

देवगडवाला
देवगडला आहे, या की!

ठाण्याची_सून
मी घरगुती मसाले विकते. भाव मोठाच छापते आणि यूपीआयला ५० रुपये सूट देते. छापल्यापेक्षा जास्त कुणालाच द्यावं लागत नाही, म्हणून कुरकुर नाही. मला खरा चटका परताव्याचा बसतो. ऑर्डर रद्द झाली की गिऱ्हाइकाला पूर्ण पैसे द्यायचे, पण माझा गेटवे कापलेली फी परत देत नाही.

सदाशिव_पेठी
म्हणजे भाव फुगवून सूट. तरी निदान आधी दिसतं, हे मान्य.

नियमावली
यात अडचण वाटत नाही. फक्त मोठा भाव पहिल्याच पानावर दिसू द्या.

देवगडवाला
बरं, २४६० आणि यूपीआयला ६० सूट करून बघतो. डेबिटवाल्याला मात्र उगाच ६० जास्त पडणार.

मधला_बर्थ
त्यालाही सूट द्या की. आणि कॅश ऑन डिलिव्हरीचे किती लावता?

देवगडवाला
ठेवलीच नाही. दारात 'नको' म्हणाले तर पेटी परत येईपर्यंत आमरस होतो.