'मुत्सद्दी' म्हणजे नक्की कोण? थीसिस अडलाय

जुळेसोलापूर:
नमस्कार सगळ्यांना. मी इतिहासात पीएचडी करायलीय, विषय उत्तर पेशवाईतलं नेतृत्व आणि कारभाराची धोरणं, म्हणजे १७७३ ला नारायणरावांचा खून झाला तिथनं ते १८०० ला नाना फडणवीस गेले तिथपर्यंत. वाचायचं निम्मं इंग्रजीत आणि लिहायचं मराठीत, त्यामुळं रोज एखादा शब्द आडवा पडतोच. आत्ता पडलाय तो 'मुत्सद्दी'. तिसऱ्या चॅप्टरला मी नाव दिलेलं 'मुत्सद्दी नेतृत्व : नाना फडणवीस', डोक्यात इंग्रजीतला स्टेट्समन होता. गाईडसरांनी त्याला हिरव्या शाईनं गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'मुत्सद्दी = डिप्लोमॅट. नाना कुणाच्या दरबारी वकील होते?' घरी येऊन बाबांना विचारलं तर ते तिसरंच. म्हणाले आमच्या मोहोळकडं 'लई मुत्सद्दी हाय त्ये' असं कुणाबद्दल ऐकलं की त्याला उसने पैसे द्यायचे नाहीत एवढं कळायचं.
आता 'राजकारणी' लिहावं तर आज ती शिवी झालीय, 'राजनीतिज्ञ' हिंदीतनं आल्यासारखं वाटतं आणि 'राजधुरंधर' वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचं. शुक्रवारी चॅप्टर परत द्यायचाय. सुचवा काहीतरी.
(शेजारच्या काकूंना 'धोरणं म्हणजे पॉलिसी' असं सांगून बसले, तेव्हापासून त्या मला एलआयसीचा हप्ता कधी भरायचा ते विचारतायत.)

बाळीवेस:
सरांचं बरोबर आहे की. पेपरात 'मुत्सद्देगिरी' म्हणजे डिप्लोमसीच असती, एका देशानं दुसऱ्याचे मुत्सद्दी हाकलले वगैरे. नानांना सरळ 'राजनयिक' लिहून मोकळी हो.

पुण्यातला_सोलापूरकर:
राजनयिक नको रे बाबा. आणि त्याचा भाऊ 'राजनैतिक' तर अजिबात नको. मराठी पेपरात राजनैतिक संबंध म्हणजे दोन देशांचे, वकिलातीतले. हिंदीत राजनैतिक म्हणजे नुसतं राजकीय. मी एका ऑफिसात हिंदीतनं मराठी करायचं काम केलंय, तिथं एकानं 'राजनैतिक दल'चं 'राजनैतिक पथक' केलेलं, म्हणजे गावातली पार्टी डायरेक्ट परराष्ट्र खात्यात. नीतीचं पण तसंच, त्यांची नीति म्हणजे आपलं धोरण आणि आपली नीती म्हणजे शाळेतली बोधकथा.

हेडमास्तर_निवृत्त:
ताई, प्रथम अभिनंदन. मुत्सद्दी हा शब्द परका नाही. मूठ आणि सद्दी. काळाची सद्दी ज्याच्या मुठीत तो मुत्सद्दी, असे आमच्या गुरुजींनी सातवीत सांगितल्याचे मला स्वच्छ आठवते. आणि समजा परका निघालाच तर टाकून द्यावा. महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? पेशव्याचा मुख्यप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांना जमले, आपल्याला साधा एक शब्द जमू नये?

विजापूरवेस:
सर माफ करा, पण मूठ पण नाही आणि सद्दी पण नाही. अरबी आहे. तसद्दी म्हणजे एखादं काम अंगावर घेणं, ते घेणारा तो मुतसद्दी. उर्दूत मुतसद्दी म्हणजे मुन्शी, हिशेबनीस, कारकून. माझे नाना कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून अर्ज लिहायचे, टेबलाच्या एका पायाखाली कायम घडी केलेला पुठ्ठा, नाहीतर दौत सरकायची. मोहल्ल्यातले म्हातारे त्यांना मस्करीत 'मुतसद्दीसाब' म्हणायचे. स्टेट्समनला आमच्यात मुदब्बिर म्हणतात. म्हणजे ताईच्या चॅप्टरचं नाव आमच्या घरात वाचलं तर होतं 'क्लार्क नेतृत्व' 😄

होटगीरोड:
कन्नडमध्ये मात्र मुत्सद्दी म्हणजे पक्का स्टेट्समन हां. मोठा पुढारी गेला की पेपरात हमखास येतो हा शब्द. वाईट अर्थ मी तरी ऐकला नाही.

कन्नाचौक:
तेलुगूत पण हाय. आमच्याकडं मुत्सद्दी म्हणलं की राजकारणात मुरलेला माणूस. कारकून बिरकून काय नाही.

चाटीगल्ली:
आमचे मूळचे लोक मारवाडचे. तिकडं मुत्सद्दी म्हणजे जोधपूर दरबारात कारभार बघणारी घराणी, भंडारी, सिंघवी अशी. नुसते कारकून नाही पण राजे पण नाही, मधले. राजाचा हुकूम निघायचा आणि तो अमलात आणायचे हे लोक. लग्नाच्या बोलण्यात अजून एखादा म्हातारा अभिमानानं सांगतो, आम्ही मुत्सद्दी घराण्यातले.

बाळीवेस:
एक मिनिट, हे भारी दिसायलंय. मी वर राजनयिक म्हणलो ते मागं घेतो. बघा, उर्दूत कारकून, मारवाडात दरबारी अधिकारी आणि खाली दख्खनेत मराठी कन्नड तेलुगू तिन्हीत स्टेट्समन. वरनं खाली येता येता कारकुनाला प्रमोशन मिळत गेलंय. आणि इथंच का मिळालं तर इथं पेशवाईत खरंच लेखणीवाले राज्य चालवायला लागले. जुन्या कागदात सरदार एकीकडं आणि मुत्सद्दी एकीकडं असं असतं ना, तलवारवाले आणि कागदवाले? नानांचं आडनावच बघ की, फडणवीस म्हणजे फर्दनवीस, फर्द लिहिणारा, हिशेबखात्याचा माणूस. त्यानं सव्वीस सत्तावीस वर्षं राज्य हाकलं आणि त्याच्यासोबत त्याच्या जातकुळीचा शब्द पण वर चढला. ताई ह्याच्यावरच एक चॅप्टर होईल बघ, नाव बदलू नको, उलट नावाची गोष्ट लिही.

सुरतरिटर्न:
प्रमोशन वगैरे सगळं ऐकायला गोड आहे पण मोगलाईतच सुरत बंदराच्या मुख्य अधिकाऱ्याला मुतसद्दी म्हणायचे. बंदराचा सगळा महसूल त्याच्या हातात. तो काय टेबलाखाली पुठ्ठा घालणारा कारकून नव्हता. म्हणजे शब्द आधीपासूनच मोठा होता, आणि उर्दूतच पुढं त्याचं डिमोशन झालं असं पण म्हणता येईल. दख्खनेला फुकट क्रेडिट देऊ नका.

बाळीवेस:
अधिकारी आणि राज्याची दिशा ठरवणारा ह्यात फरक आहे का नाही बे? सुरतेचा मुतसद्दी दिल्लीच्या हुकमाचा. नानांच्या वर हुकूम द्यायला होतं कोण, सवाई माधवराव? ते १७७४ ला जन्मले, बारभाईंनी, म्हणजे नाना आणि इतर कारभाऱ्यांच्या मंडळानं, कारभार हातात घेतला त्याच वर्षी.

जुळेसोलापूर:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. विजापूरवेस दादा, तुमचे नाना आणि माझे नाना एकाच शब्दाखाली आले हे मला जाम आवडलं. पण सरांच्या प्रश्नाला उत्तर काय देऊ? त्यांचं म्हणणं, परराज्याशी बोलणी करतो तो मुत्सद्दी. मग इंग्रजांशी झालेला सालबाईचा तह घेतला, १७ मे १७८२ चा, तर तो जुळवला महादजी शिंद्यांनी. नानांनी त्याला मान्यता द्यायला पुढचं वर्ष उजाडवलं. मग मुत्सद्दी कोण, बोलणी करणारा का पुण्यात बसून कागद अडवणारा?

पुण्यातला_सोलापूरकर:
अडवणारा. शंभर टक्के. सही कधी करायची नाही हे कळणं हीच मुत्सद्देगिरी. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी ह्या हिशेबानं जागतिक दर्जाचे आहेत.

हेडमास्तर_निवृत्त:
विजापूरवेस यांनी दिलेली व्युत्पत्ती मी नाकारत नाही, पण मुठीची व्युत्पत्ती अर्थाला अधिक जवळची आहे असे माझे मत कायम आहे. बरे, आपल्याकडे याला खास देशी शब्द होता, 'शहाणा'. पेशवाईतले साडेतीन शहाणे. सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे, निजामाकडचे विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण आणि नाना अर्धे. अर्धे का, तर तलवार नव्हती म्हणून. चॅप्टरला 'अर्धा शहाणा' असे नाव द्यावे.

कन्नाचौक:
सर, पीएचडीच्या पोरीच्या चॅप्टरला अर्धा शहाणा? व्हायवात सगळे तिच्याकडंच बघतील की ओ 😂

सुरतरिटर्न:
त्यात विठ्ठल सुंदर पूर्ण शहाणे आणि १७६३ ला राक्षसभुवनच्या लढाईत मारले गेले. अर्धे शहाणे अंथरुणात वारले. कुणाचं शहाणपण जास्त ते ठरवा.

कारभारीण:
मी साधी वाचणारी, पण सांगते. तुम्ही सगळे मुत्सद्दीच्या मागं लागलाय, 'कारभारी' का नाही म्हणत? नाना पेशव्यांचे कारभारीच होते ना. आमच्या अक्कलकोटकडं अजून नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून 'आमचं कारभारी शेतात गेल्यात' म्हणतात. आणि खरा कारभार कोण करतं ते सगळ्या घराला माहीत असतं. म्हणजे नाव एकाचं आणि कारभार दुसऱ्याचा हे त्या शब्दातच आलं की. पेशवा एक, कारभारी दुसरा.

जुळेसोलापूर:
ताई हे फार भारी आहे 🙏 पण कारभारी म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर, तो शब्द मला चौथ्या चॅप्टरला लागणाराय, महसुलाच्या. एकच शब्द दोन ठिकाणी वापरला की परत हिरवा गोल.

हेडमास्तर_निवृत्त:
म्हणूनच म्हणतो, घडवा नवा शब्द. 'राज्यधुरीण' घ्या. सुरुवातीला सगळेच शब्द कानाला टोचतात. सचिव, अमात्य हे टिकलेच ना?

पुण्यातला_सोलापूरकर:
टिकले, पण बाजूच्या खुर्चीत. गुरुजी, मुख्यप्रधान कुठं टिकला? पेशव्यांच्या शिक्क्यावर शेवटपर्यंत मुख्य प्रधान कोरलेलं आणि अख्खा मुलूख म्हणायचा पेशवे. ज्यांचं राज्य त्यांच्याच शिक्क्याला लोकांनी विचारलं नाही, तुमच्या राज्यधुरीणाला कोण विचारतंय. बरं त्या कोशात मंत्री कोण तर वाकनीस, महाराजांची रोजची टिपणं न् खासगीतलं बघणारा. आजचा मंत्री बघा. टिकला तरी दुसऱ्याच अर्थानं टिकला.

हेडमास्तर_निवृत्त:
आपण रोज ज्या चौकातून जाता त्याचे नाव काय? चार हुतात्मा चौक. हुतात्मा हा शब्द सावरकरांचा सांगतात, घडवलेला. आज त्यावाचून सोलापूरचे पान हलत नाही. आता बोला.

चाटीगल्ली:
पान काय, गाडी पण हलत नाही. हुतात्मा एक्स्प्रेस.

बाळीवेस:
हा हा, ते खरंय. आणि 'आज हुतात्मा लेट आहे', 'हुतात्मा फुल्ल आहे, उभं राहून जावं लागलं' हे म्हणताना कुणाला काही वाटत नाही. मिसेस पुण्याहून सोलापुरात नवीन आली तेव्हा मी फोनवर 'हुतात्मानं येतो' म्हणलो तर ती क्षणभर गप्पच.

विजापूरवेस:
आमच्या घरात शहीदच म्हणतात. कुर्बान हुसेन शहीद. त्या चौघांना, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, त्या दिवशी कुणी कोश उघडून बघितला नसेल. हुतात्मा म्हणा, शहीद म्हणा. फक्त माझा शब्द परका आणि तुमचा घरचा असं नका म्हणू सर.

हेडमास्तर_निवृत्त:
तसे मी म्हटलेले नाही, आणि तसे वाटले असेल तर दिलगीर आहे. शहीद हा शब्द मी स्वतः झेंडावंदनाच्या भाषणात वापरत आलो आहे.

होटगीरोड:
विषय निघालाच आहे तर, सोलापूरच्या पोरीनं पुण्याच्या पेशवाईवर पीएचडी का करावी? घरात १९३० पडलंय की. ६ एप्रिल १९३० ला नगरपालिकेवर तिरंगा लागला, मे मध्ये तीन चार दिवस इथं इंग्रजांचं राज्यच नव्हतं, मग १२ मे पासून ३० जूनपर्यंत मार्शल लॉ. नेतृत्व, शासन, धोरण तिन्ही एका गावात.

सुरतरिटर्न:
मार्शल लॉ ला पण मराठी शब्द नाही बघा. 'लष्करी कायदा' लिहितात पण लष्करी कायदा म्हणजे सैनिकांना लागू असतो तो, आर्मी ॲक्ट. हा तर गावाला लावलेला.

कन्नाचौक:
आमची आजी 'मारशल्ला' म्हणायची, एकच शब्द. 'मारशल्लात जन्मलेला' म्हणजे तिच्या थोरल्या भावाचं वय. गांधी टोपी घातली तरी धरायचे म्हणून टोप्या मागाच्या खड्ड्यात लपवलेल्या असं सांगायची. तिला लष्करी कायदा म्हणलं असतं तर कळलं नसतं.

हेडमास्तर_निवृत्त:
'फौजी अंमल' कसे वाटते?

पुण्यातला_सोलापूरकर:
गुरुजी फौज आणि अंमल दोन्ही अरबी 😄😄

हेडमास्तर_निवृत्त:
हो की. राहू द्या.

जुळेसोलापूर:
अहो माझा चॅप्टर...

बाळीवेस:
मुत्सद्दीच ठेव. खाली तळटीप टाक, कारकून ते स्टेट्समन, दोन ओळीत. सर तळटीप बघून गप्प बसतात असा माझा अनुभव आहे.

सुरतरिटर्न:
तळटीपेत सुरत पण टाक.

जुळेसोलापूर:
उद्या पेशवे दप्तरात जाऊन बघते, त्या काळच्या कागदात नानांना स्वतःला कुणी मुत्सद्दी म्हणलंय का, का आपणच मागनं चिकटवलंय. म्हणलं नसेल तर सरांना काय सांगायचं ते परतीच्या गाडीत ठरवीन. सकाळची हुतात्मा वेळेवर सुटती का हो हल्ली?

चाटीगल्ली:
सुटती वेळेवर. कुर्डुवाडीला डबा उघडू नको, दौंडपर्यंत भूक परत लागती.