मृतदेहाचा ताबा नेमका कुणाकडे?

नौपाडेकर
वडिलांनी नेत्रदानाचा अर्ज भरला होता आणि त्यावरील दोन साक्षीदारांपैकी एक मी होतो. गेल्या पावसाळ्यात ते ठाण्यातल्या एका रुग्णालयात वारले. "बाबांना असं अर्धवट पाठवायचं नाही," असे धाकटा भाऊ म्हणताच तिथल्या लोकांनी अर्ज बाजूला ठेवला आणि "घरात एकमत करा, मग सांगा," असे सांगितले. नेत्रपटल साधारण सहा तासांच्या आत काढावे लागते. आमचा वाद त्याहून लांबला. पहाटे एका नोंदवहीत मी सही केली, तिच्यात चष्मा १, घड्याळ १ अशी यादी होती आणि त्याच शाईत खाली 'मृतदेह ताब्यात मिळाला' असे लिहिले होते.

मृतदेह ही कुणाची मालमत्ता नाही, असे कायदा मानतो. पावती मात्र वस्तूसारखीच घेतली जाते. वडिलांच्या मृत्युपत्राने घर आईच्या नावावर झाले, तेव्हा भावाच्या पसंतीचा प्रश्न आला नाही. घराबद्दलची ज्याची इच्छा मरणानंतरही बंधनकारक, त्याच्या डोळ्यांबद्दलची इच्छा वारसाच्या एका वाक्याने रद्द का व्हावी? अर्ज असेल तिथे नातेवाइकांना विचारूच नये, असे माझे मत आहे.

ठाणे कोर्टातला एक वकील
आपला राग योग्य आहे, पत्ता चुकला आहे. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यातील कलम ३ नुसार, दात्याने दोन साक्षीदारांसमक्ष लेखी संमती दिली असेल आणि त्यांतला किमान एक जवळचा नातेवाईक असेल, तर ज्याच्या कायदेशीर ताब्यात देह आहे त्याने डॉक्टरांना सोय करून द्यायची असते. दात्याने नंतर विचार बदलला असे मानायला काही कारण असेल तरच तो अडवू शकतो. नातेवाइकांच्या हरकतीला वजन आहे ते मृताने लेखी काही ठेवले नसेल तेव्हा. आपल्या भावाला नकाराचा अधिकार कायद्याने दिला नव्हता, घाबरलेल्या रुग्णालयाने दिला. मृतदेहापाशी हाणामारी कुणालाच नको असते आणि 'ताबा' या शब्दाची व्याप्ती मध्यरात्री कोण तपासत बसणार?

वाशीची रहिवासी
वकीलसाहेब, कायदा वाचून दाखवणे सोपे आहे. माझ्या दिरांचा मेंदू मृत झाल्याचे चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांचे अंतर ठेवून, दोनदा तपासून जाहीर केले. कागदावर ते मृत होते. मी हात धरला तेव्हा तो गरम होता आणि छाती यंत्रावर वरखाली होत होती. जाऊबाईंनी अवयवदानाला नकार दिला आणि मला तो आजही चुकीचा वाटत नाही. मृत्युपत्रातले घर महिनाभर थांबते. इथे जिवंत माणसांना काही तासांत मृत्यू मानायचाही असतो आणि माणूस सोडायचाही असतो. त्यांना विचारूच नका म्हणणारा कायदा मला क्रूर वाटतो.

नौपाडेकर
माझा मुद्दा नेत्रदानाचा आहे. तिथे श्वास थांबलेला असतो, देह थंड होत असतो, संशयाला जागा नसते.

कोपरखैरणे, सेक्टर १५
दोघेही एक गोष्ट विसरत आहात. हा कायदा मूत्रपिंडाच्या बाजारामुळे आला. अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा आहे आणि जवळच्या नात्याबाहेरचा जिवंत दाता असेल तर समितीची परवानगी लागते. अशा कायद्याने कुटुंबाला वगळले, तर उद्या गरिबाच्या घरात अर्ज कसे भरून घेतले जातील, याचाही विचार व्हावा. (धनिकांच्या घरी ही अडचण येणार नाही, हे सांगायला नकोच.)

ठाणे कोर्टातला एक वकील
भीती रास्त आहे, पण तोच देह 'नको' म्हणतो तेव्हा कायदा त्याचे ऐकतो. जगण्याची आशा नसताना उपचार थांबवावेत अशी पूर्वइच्छा लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ साली तिची पद्धत सोपी करून दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे ठरवले. स्वतःच्या देहाबद्दल लेखी नकार ग्राह्य मानणाऱ्या व्यवस्थेने लेखी देकार मात्र संशयाने पाहावा, यात मला संगती दिसत नाही.

नौपाडेकर
वाशीच्या ताईंचे एक म्हणणे पटले, की विचारायचेच असेल तर आधी विचारावे. आईने परवा स्वतःसाठी अर्ज मागवला आणि साक्षीदार म्हणून धाकट्यालाच बसवले. त्याने तो दोनदा वाचला, मग सही केली.

वाशीची रहिवासी
सही आईच्या शब्दाखातर केली की मनापासून, हेही विचारून ठेवा. त्या रात्री तुम्ही दोघेच असाल.